धूळ सगळ्यांच्या डोळ्यांत जाते, सातबारा मात्र सगळ्यांच्या नावावर नसतो

आमच्या भोकरकडे पाऊस ओढ देतो, सोयाबीन करपतं आणि बातमी ठरलेली असते : निसर्गाचा कोप. हा शब्द व्यवस्थेला फार सोयीचा आहे. कारण निसर्गावर गुन्हा दाखल होत नाही.

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ ची. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून हुसकलं जातं आणि मजुरीसाठी कॅलिफोर्नियाला निघतं. सुरुवातीलाच धूळ मक्याची शेतं झाकून टाकते. पुढे एक कासव रस्ता ओलांडताना ट्रकच्या धक्क्याने उलटं पडतं, धडपडून सरळ होतं आणि चालू लागतं. पण लेखक निसर्गवर्णनावर थांबत नाही. घर पाडायला येतो तो ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरमागे उभी असते बँक, हे तो दाखवून देतो.

तरीही आंबेडकरी वाचकाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ती जमीन आधी कोणाची होती? आमच्या आजोबांनी इथल्या आदिवासींना मारून, हाकलून ती घेतली, हे कादंबरीतली कुळंच बोलून दाखवतात. आणि कापसाच्या रानात पिढ्यान् पिढ्या राबलेला काळा मजूर? तो या कथेत जवळपास नाहीच.

मराठवाड्यात वेगळं काय घडलं? १९७२ च्या दुष्काळात शेतकरीही खडी फोडायला गेला. पाऊस पडल्यावर तो स्वतःच्या रानात परतला. भूमिहीन मात्र परतला दुसऱ्याच्या बांधावर. दुष्काळ एकच, पण परतीची वाट जातीने ठरवली.

बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करा, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच राहू नयेत, अशी मागणी केली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी आजही गायरान कसणारा माणूस सातबाऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतोच आहे.

म्हणून मित्रांनो, अशी पुस्तकं जरूर वाचा. धुळीचं वर्णन आवडलं तर आवडू द्या. पण पुस्तक मिटल्यावर आपल्या गावचं गायरान कोण कसतं, त्याच्याकडे दंडाच्या पावत्या, पीकपेऱ्याची नोंद आहे का, हे जाऊन विचारा. कासवाच्या चिकाटीचं कौतुक पुष्कळ झालं. आता त्याला उलटं पाडणाऱ्या ट्रकचा नंबर लिहून घ्यायला शिका.

जय भीम!