रुळलीस का?

दर शनिवारी सकाळी आईचा फोन असतो. तिकडे तेव्हा दिवेलागणीची वेळ. मला पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, काम कसं चाललंय?" मग फोन बायकोकडे जातो आणि तिला प्रश्न, "काय गं, रुळलीस का?" वर्षभर हे ऐकतोय. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा लक्षात आलं की रुळलास का, हे मला कोणी विचारतच नाही. मला काम आहे ना, म्हणजे मी रुळलेलाच!

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथे घरच्या चवीची आठवण काढून रडायची सोय नाही. ओक ट्री रोडवर गेलं की पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो, मग एकाने टॉवेलने वारा घालायचा आणि दुसऱ्याने खिडकी उघडायची. तळघरातल्या वॉशिंग मशीनसाठी क्वार्टरची नाणी साठवून ठेवायची. या सगळ्याची दोन महिन्यांत सवय होते. अवघड भाग वेगळाच आहे.

माझी बायकोही इंजिनियर. पुण्यात चार वर्षं नोकरी केली, टीम लीड होती, आणि (सांगायला कसली लाज) पगार माझ्यापेक्षा जास्त होता. इथे ती एच-४ वर, म्हणजे माझी 'डिपेंडंट'. एच-४ वर शिकता येतं, ड्रायव्हिंग लायसन्स काढता येतं, पण नोकरी करता येत नाही. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नाही म्हणून स्वतःच्या नावावर साधं क्रेडिट कार्ड मिळवायचं तरी मारामार. वाट एकच आहे, आणि तीही मे २०१५ मध्ये उघडली. जोडीदाराचा ग्रीन कार्डच्या रांगेतला आय-१४० अर्ज मंजूर झाला, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याच्या एच-१बी ला सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली, तर कामाचा परवाना मागता येतो. पण ती प्रक्रिया सुरू करायची कंपनीने. माझ्या कंपनीचं धोरण, वर्ष झाल्याशिवाय फाईल उघडायची नाही. त्यात ३० ऑक्टोबर २०२५ पासून परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर आपोआप मिळणारी मुदतवाढही बंद झाली. म्हणजे नवीन कार्ड वेळेत आलं नाही तर मिळालेली नोकरीही थांबवा.

हे सगळं मला येण्याआधी माहीत होतं का? अर्धवट. "बघू, होईल काहीतरी" एवढंच बोलणं झालं होतं आमचं. नवीन सर्व्हर घ्यायचा तर मी तीन आठवडे डॉक्युमेंटेशन वाचतो, आणि बायकोचं करियर मी 'बघू' वर टाकलं होतं.

दिवाळीला एका ओळखीच्यांकडे पॉटलक होतं. पुरुषमंडळींत प्रोजेक्ट आणि लेऑफच्या गप्पा. स्वयंपाकघरात एका काकूंनी हिला प्रेमानेच विचारलं, "तू घरीच का गं?" ही म्हणाली, "हो." परत येताना गाडीत वीस मिनिटं एक शब्द नाही. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर म्हणाली, "अरे, मी परत जाऊ का? जुना मॅनेजर घ्यायला तयार आहे."

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? "लोक काय म्हणतील?" हे मी बोललो नाही, पण मनात आलं. खरं सांगतोय.

बाबांचं म्हणणं, संसार म्हटला की तडजोड आलीच. मान्य. पण तडजोड दोघांची असते ना? एकाचं प्रमोशन आणि दुसऱ्याच्या रेझ्युमेमध्ये खड्डा, याला तडजोड म्हणत नाहीत. माझा एक मित्र जर्मनीत ब्लू कार्डवर आहे. तिथे बायकोला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा असते. आता मुभा म्हणजे नोकरी नव्हे. जर्मन येत नाही म्हणून तीही महिनोन्महिने क्लासेसना जातेय. पण दार तरी बंद नाही. ऑफर घेताना पॅकेजबरोबर हीसुद्धा तुलना करायला हवी होती, हे माझं स्पष्ट मत झालंय.

काहीजणी आवडीने घरी राहतात, मुलांना वेळ देतात. त्यांचा निर्णय, त्यात वाईट काहीच नाही. माझा मुद्दा एवढाच, की तो निर्णय असावा. व्हिसाच्या शिक्क्याने आपोआप होऊ नये.

तर आम्ही काय ठरवलं? पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत. तोवर आय-१४० मंजूर झाला नाही, तर परत जायचं. दोघांनी. मधल्या काळात ती कॉलेजात डेटाबेसचा कोर्स करतेय. आठवड्यात तीन संध्याकाळी स्वयंपाक माझा, कारण तिला असाइनमेंट असतात. पोळ्या अजून नकाशेच होतात, भात जमतो. जायची वेळ आली तर माझं पुढे काय, हे खरंच माहीत नाही. भीती वाटते. पण ही भीती वर्षभर ती एकटीच बाळगत होती.

आणि मंडळी, तुमच्यापैकी कोणी ऑफर लेटर हातात घेऊन बसलं असेल तर एक विनंती. सही करण्याआधी डिपेंडंट व्हिसाचे नियम वाचा. दोघांनी, एकत्र बसून.

आजही आईचा फोन आला. हिला तोच प्रश्न. ही हसून म्हणाली, "आई, ह्यालाही विचारा की!" आईने विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही गं. प्रयत्न चालू आहे."