उतारवयातील कडे

श्रीगोंद्याच्या वाचकांस पेडगावचा किल्ला ठाऊकच आहे. परंतु तो भीमातीरीचा भुईकोट. प्रस्तरारोहणाची हौस असणारास याच जिल्ह्याच्या वायव्य टोकास, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे जावे लागते. अरुण सावंत यांनी ही हौस साठीपर्यंत जोपासली, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच कड्यावर त्यांना मृत्यू आला. अशी वार्ता वाचून घरची मंडळी वडीलधाऱ्यांचा दोर कुलपात ठेवू पाहतात. त्यांची धास्ती आम्हांस कळते; उपाय मात्र पटत नाही. इटलीच्या रिकार्दो कासिन यांनी पिझ बादिले शिखराची ईशान्य भिंत १९३७ साली प्रथम सर केली आणि १९८७ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, तीच पुन्हा चढून दाखविली!

बोटांस झालेली इजा उतारवयात सावकाश भरून येते. सबब दोन चढायांमधील विसावा वाढवावा, अंग आधी नीट मोकळे करावे, आणि पुढे चढण्याचा मान तरुणाकडे सोपवून आपण वरून सोडलेल्या दोराच्या आधारे चढावे. (हे शेवटचेच वडीलधाऱ्यांस फार जड जाते.) सूनबाईंनी मामंजींस अडविण्यापेक्षा एखाद्या जाणत्या, तरुण नातवास बरोबर धाडावे, खाली दोर सांभाळावयास माणूस लागतोच.