९८ टक्के कशाचे?

पेप्टाइड जेनेरिकांची लगबग वाढल्यापासून वाचकांच्या पत्रांत एकच रड आहे: ॲसे जुळत नाही. मेथड व्हॅलिडेट झालेली, सिस्टीम सुटेबिलिटी पास, तरी दोन लॅबचे आकडे दोन दिशांना. खापर फुटते कॉलमवर, नाहीतर इंटिग्रेशनवर. आमचा संशय फ्रीझरमधल्या वर्किंग स्टँडर्डच्या कुपीवर आहे.

पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर ‘एचपीएलसी शुद्धता ९८ टक्के’ असते. हा २१४ नॅनोमीटरवरचा एरिया नॉर्मलायझेशनचा आकडा. पाणी त्यात दिसत नाही, टीएफए धरला जात नाही. वजनकाट्यावर मात्र दोन्ही बसतात. ब्रॅडिकायनिन घ्या. रेणुभार १०६०, दोन आर्जिनिन आणि एन-टोक मिळून टीएफएचे तीन रेणू, प्रत्येकी ११४. पावडर ठणठणीत कोरडी मानली तरी वजनात पेप्टाइड जेमतेम ७६ टक्के. असा स्टँडर्ड नुसत्या ९८च्या हिशेबाने वापरला, की ७६ टक्के भरणारा नमुना कागदावर १०० टक्के होतो!

हे ॲनालिस्टला कळते. खरेदी विभागाला कळून घ्यायचे नाही. अमिनो ॲसिड ॲनालिसिसचा खर्च मागितला, की सर्टिफिकेट आहे ना, मग पुन्हा चाचणी कशाला, असा शेरा मारून फाईल परत येते. ऑडिटरही सर्टिफिकेटची प्रत फायलीत लागली आहे का तेवढे पाहतो. तिच्यावर नेट पेप्टाइड कंटेंटची ओळच नाही, हे त्याच्या चेकलिस्टमध्ये बसत नाही. निर्णय स्वस्त कोटेशनवर होतो आणि आउट ऑफ स्पेसिफिकेशनचा तपास करत रात्रपाळीचा ॲनालिस्ट बसतो.

आपलेही हात स्वच्छ नाहीत. उणे २० अंशांतली कुपी बाहेर काढली की लगेच उघडायची सवय किती लॅबमध्ये आहे? जुलैत, तारापूर-महाडच्या हवेत, लायोफिलाइज्ड पावडर डोळ्यांदेखत चिकट होते. तरीही वजन होते आणि पोटेन्सीच्या रकान्यात निमूटपणे ९८ पडतात.

तेव्हा मित्रहो, पुढच्या इंडेंटवर तीन ओळी सक्तीच्या करा: नेट पेप्टाइड कंटेंट, काउंटरआयन आणि कार्ल फिशरने मोजलेले पाणी. यांतली एक जरी ओळ नसेल, तर कुपी स्टँडर्ड म्हणून स्वीकारू नका. खरेदी विभाग रागावेल, रागावू द्या. रिपोर्टखाली सही तुमची असते.