आधी बांध, मग वाटणी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आपल्या गावांतून दोन हिशेब एकाच वेळी मांडले जातात. पहिला घरातला. गृहिणी पुरुमेताची यादी करते. चार महिन्यांचे तांदूळ, मीठ, मिरची, सुके मासे व सरपण यांची तजवीज होते. घरधनी कौले चाळून घेतो. आणि एवढे झाल्यावर हाती काही उरले तरच नव्या कपड्यांचा किंवा फेस्ताच्या थाटाचा विचार होतो. दुसरा हिशेब गावाचा. कोणती मोरी उपसावयाची, कोणत्या वाड्याचा रस्ता आधी करावयाचा, साकव दुरुस्त करावयाचा की नवा बांधावयाचा, कपेलाच्या आवारास भिंत हवी की आधी छप्पर हवे, आणि या सर्वांस पैसा कोठून आणावयाचा, ही त्याची कलमे. पहिला हिशेब बहुधा शांतपणे पार पडतो. दुसऱ्यावरून मात्र शेजारी शेजाऱ्याशी अबोला धरतो, भाऊ भावाच्या वाड्यावरील खुरसाच्या फेस्तास जात नाही, आणि काम एका पावसाळ्यावरून दुसऱ्या पावसाळ्यावर ढकलले जाते. असे का व्हावे, याचा विचार या सदरात आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कारापूरचेच उदाहरण घेऊ. मांडवीस मिळणाऱ्या वाळवंटी नदीच्या काठी, साखळीस लागून वसलेल्या या गावात आपली ख्रिस्ती कुटुंबे थोडी. विठ्ठलापूरच्या मंदिरात चैत्री उत्सवास जाणारा आपला शेजारी आणि रविवारी मिस्सेस जाणारे आपण एकाच रस्त्याने चालतो. मोरी तुंबली तर दोघांचीही मुले त्याच पाण्यातून शाळेस जातात. तेव्हा गावच्या अंदाजपत्रकाचा वाद हा दुसऱ्या कोणाचा तरी वाद आहे, असे म्हणून आपणांस घरी बसता येणार नाही. तसेच, चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या फाब्रिकेच्या किंवा वाड्यावरच्या मंडळाच्या बैठकीत जो वाद होतो, तो पंचायतीतील वादाहून स्वरूपाने निराळा नसतो. रक्कम लहान असते, इतकेच.

गोव्याच्या भूमीस हा प्रश्न नवा नाही. पोर्तुगीज येण्याच्या पूर्वीपासून येथे गावकारी नांदत होती. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली तिसवाडीतील गावकारींच्या चालीरीती लिहून काढिल्या. त्या लेखास फोराल असे म्हणतात. गावची सामाईक शेते पावणी करून कसावयास द्यावयाची. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा धारा भरावयाचा. बांध, पाट, देवालय व गावचे चाकर यांचा खर्च भागवावयाचा. आणि सर्वांच्या शेवटी जे उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावयाचे, अशी या संस्थांची सर्वसाधारण रीत होती. हिशेब लिहिण्यास कुळकर्णी असे. निर्णय एकमताने घेण्याची चाल होती, असे इतिहासकार सांगतात.

या रीतीत वाटणी शेवटी का ठेविली होती, हे खाजन शेते पाहिली म्हणजे कळते. खाडीकाठच्या या शेतांचे रक्षण मातीचा बांध व मानशीची झडप करितात. बांध फुटून खारे पाणी आत शिरले तर त्या वर्षीचेच नव्हे, तर पुढच्याही काही हंगामांचे पीक बुडते. बांधाच्या खर्चात काटकसर करून यंदा वाटा वाढवून घेणारा गावकार पुढील वर्षांचा वाटा आजच खाऊन बसत असे. म्हणून आधी बांध, मग वाटणी. ही धर्मोपदेशकाने घालून दिलेली आज्ञा नव्हती. चिखलात उभे राहणाऱ्या माणसांना अनुभवाने आलेले हे शहाणपण होते.

तथापि गावकारीचे गोडवे गाताना तिचा दोष झाकणे योग्य होणार नाही. बैठकीत बसण्याचा मान गावकारांच्या पुरुष वंशजांपुरता होता. स्त्रिया, मुंडकार आणि बांधावर मातीच्या टोपल्या वाहणारे मजूर यांस तेथे आवाज नव्हता. पुढे १९०४, १९३३ व १९६१ साली या संस्थांसाठी संहिता झाल्या. मुक्तीनंतर, १९६२ साली, गावागावांत पंचायती आल्या. १९६४ सालच्या कूळ कायद्यानंतर शेते कुळांच्या हाती आली, गावकारीचे उत्पन्न घटले, आणि बांध कोणी सांभाळावयाचा हा प्रश्न अनेक ठिकाणी लोंबकळत राहिला. कुळांस न्याय मिळाला, ते योग्यच झाले. परंतु अंदाजपत्रकातील पहिले कलम धन्याविना राहिले, आणि बांधाने कोणाचीही वाट पाहिली नाही. आज १९९४ सालच्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे गावचा वार्षिक जमाखर्च व अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे ठेवावे लागते, आणि मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक स्त्री व प्रत्येक पुरुष तेथे बोलू शकतो. कारापूर-सर्वण पंचायतीच्या ग्रामसभेत एखाद्या गृहिणीने उठून मोरीचा हिशेब विचारावा, ही जुन्या गावकारीस न साधलेली गोष्ट आहे. तिचा उपयोग आपण किती करितो, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

पवित्र शास्त्रातही अशाच एका दुरुस्तीची कथा आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योवाश राजा येरुशलेमच्या मंदिराची डागडुजी याजकांवर सोपवितो. पैसा जमत राहतो; परंतु राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी मंदिराच्या भेगा तशाच. तेव्हा राजा याजकांस बोलावून जाब विचारतो. मग यहोयादा हा मुख्य याजक एक पेटी घेतो, तिच्या झाकणास भोक पाडतो आणि ती वेदीजवळ, येणाऱ्या जाणाऱ्यास दिसेल अशी ठेवितो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसा मोजतात व तो सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांच्या स्वाधीन करितात. शास्त्रकार आणखी एक बारकावा नोंदवितो: त्या पैशातून चांदीची पात्रे किंवा कर्णे केले नाहीत. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात याच प्रसंगाचा शेवट येतो. दुरुस्ती पुरी झाल्यावर जे उरले, त्याचीच पात्रे घडविली. आधी भेगा बुजविल्या, मग शोभा केली. पेटी सर्वांसमोर होती, आणि मोजणारे दोघे होते. आजच्या कोणत्याही मंडळास याहून सोपी घटना लिहून देता येईल असे आम्हांस वाटत नाही.

वादाचे एक मोठे कारण असे की, कोणता पैसा कोणत्या कामासाठी आला आहे हेच पुष्कळांस ठाऊक नसते. "पंचायतीकडे पैसे पडून आहेत, मग आमच्या वाड्याचा रस्ता का होत नाही?" असा प्रश्न आपण ऐकतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांस जे अनुदान ठरविले, त्यातील ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेविला होता. उरलेले ४० टक्के गावच्या इतर गरजांसाठी होते, आणि त्यातूनही पगार किंवा कचेरीखर्च करण्यास मनाई होती. म्हणजे पाण्याचा पैसा रस्त्यावर घालणे पंचांच्या हाती नव्हते. ही गोष्ट सभेच्या आरंभीच फळ्यावर लिहून ठेविली, तर कित्येक आरोप उच्चारण्यापूर्वीच विरून जातील. ख्रिस्तसभेचा नियमही असाच आहे. १९८३ सालच्या कॅनन लॉ संहितेतील १२६७ वे कलम सांगते की, भाविकांनी ज्या हेतूने दान दिले त्याच हेतूसाठी ते वापरावे. ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असावी असे सांगते, आणि १२८७ वे कलम भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांस देण्यास बजाविते. छपरासाठी गोळा केलेला पैसा रोषणाईवर खर्च झाला, तर रोषणाई कितीही सुंदर असो, देणाऱ्याचा विश्वास मोडतो.

दुसरे कारण असे की, नव्या कामाचा अंदाजखर्च सर्व विचारतात, त्याच्या निगेचा कोणी विचारीत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. आपल्याजवळ पुरेसे आहे की नाही याचा आधी बसून हिशेब न करणारा मनुष्य पाया घालून थांबतो, आणि लोकांच्या हसण्याचा विषय होतो. आमच्या काळी बुरूज बहुधा पुरा होतो; पडतो तो नंतर. डांबरी रस्त्याच्या कडेला गटार नसेल तर पाणी डांबराखाली शिरते, खालची खडी सैल होते, आणि दोन पावसाळ्यांत खड्डे पडतात. समजा, एका साकवास सहा लाख रुपये लागले आणि तो तीस वर्षे टिकेल असा अंदाज आहे. मग तो पुन्हा उभारण्यासाठी दर वर्षी वीस हजार रुपये बाजूस पडावयास हवेत. दोनशे घरांचा गाव असेल तर दर घरामागे वर्षास शंभर रुपये होतात. साकवाच्या उद्घाटनास नारळ व हार यांवर खर्च होतो, परंतु हे शंभर रुपये कोणी कलमात धरीत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, कोणतेही काम सभेपुढे आले तर तीन आकडे मागावे: बांधण्यास किती लागेल, दर वर्षी निगेस किती लागेल, आणि ते किती वर्षे टिकेल. तिसऱ्या आकड्याचे उत्तर मिळेपर्यंत हात वर करू नये.

डिचोली तालुक्यास तर हा धडा कटू अनुभवाने मिळालेला आहे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रक, गॅरेज आणि लहानसहान धंदे यांवर जगणाऱ्या कितीतरी घरांचे उत्पन्न एकाएकी आटले. ज्या घराने चांगल्या दिवसांत कौले बदलून घेतली होती, ते घर निदान कोरडे राहिले. गावाचेही तसेच असते. अनुदान आज आहे, उद्या त्याचे कलम बदलेल. परंतु वाळवंटीचे पाणी दर पावसाळ्यात चढावयाचे ते चढणारच.

तिसरे कारण म्हणजे कोणाचा वाडा आधी. येथे मन खरोखर दुखावते, आणि हे दुखणे खोटे नसते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्याच ख्रिस्तमंडळीत अशी कुरकुर झाल्याचे आपण वाचतो. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. बारा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटाविले नाही. त्यांनी सगळी मंडळी बोलाविली, आणि मंडळीने स्तेफन व आणखी सहा जण निवडून त्यांच्याकडे ते काम सोपविले. तक्रार करणाऱ्यास शत्रू मानू नये, हा येथला बोध आहे. वाड्यांचा क्रम ठरविताना कोणता पंच कोठे राहतो याचा विचार न करिता, कोणत्या वाटेवरून गरोदर स्त्रीस किंवा आजाऱ्यास खाटेवरून उचलून न्यावे लागते, हे पाहावे. तो क्रम लेखी असावा, म्हणजे ज्याचा वाडा तिसरा आहे त्यास तिसऱ्या वर्षाची खात्री राहील. आपला वाडा पहिला नसताना दुसऱ्याच्या वाड्यास प्रामाणिकपणे मत देणे, हे आमच्या मते उपवासाइतकेच पुण्याचे कृत्य आहे.

यावर कोणी म्हणतील की, हे सर्व ठीक. परंतु पैसे खाणारे असतात, त्यांचे काय? असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पारावर बसून कुजबुज केल्याने एकही पैसा परत येत नाही, आणि प्रामाणिक पंचाचेही नाव त्याच चिखलात माखते. संशय असेल तर सभेत उभे राहून, नम्रपणे, कोणत्या कलमाचे बिल पाहावयाचे आहे ते विचारावे. संत पौलाने येरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेल्या माणसांस बरोबर घेतले, यासाठी की या रकमेविषयी कोणास बोट दाखविता येऊ नये. त्या थोर प्रेषितास हिशेब दाखविण्यात कमीपणा वाटला नाही. मग आमच्या खजिनदारास तो का वाटावा? आणि विचारणाऱ्यानेही एक बंधन पाळावे. ठराव होईपर्यंत विरोध मनमोकळा असावा. ठराव झाला की ज्याने विरोध केला त्यानेही फावडे घेऊन यावे. नेहम्याच्या पुस्तकात येरुशलेमची भिंत बांधणाऱ्यांची लांबलचक नावनिशी आहे, आणि तकोवा गावच्या श्रीमंतांनी मात्र खांदा लाविला नाही, एवढीच त्यांची नोंद राहिली आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेस, फाब्रिकेच्या बैठकीस किंवा वाड्याच्या मंडळास जाताना प्रत्येक कुटुंबाने निदान एक मनुष्य पाठवावा, आणि शक्य तेथे घरातील स्त्रीस पाठवावे. जे मोडत आले आहे ते अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत आहे की नाही, एवढे पाहावे. ते नसेल तर उभे राहून सांगावे. असेल तर आनंदाने हात वर करावा आणि पावसाआधी कामास लागावे.