शिरस्त्राण भाड्याचं की घरचं?

शिवजयंती जवळ आली की आमच्या बेळगावात गल्लोगल्ली चित्ररथांची आणि सजीव देखाव्यांची तयारी सुरू होते. दरवर्षी तोच प्रश्न निघतो : सैनिकांची शिरस्त्राणं भाड्यानं आणायची की घरी करायची? "काका, उगाच कशाला राबायचं? भाड्यानं मिळतंय की!" असं पोरं म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे. घरीच करा, पण त्याला फायबरचं अस्तर द्या.

आयुष्य बँकेत गेलं, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. भाडं हा महसुली खर्च. मिरवणूक संपली, पैसे संपले. घरी केलेलं शिरस्त्राण ही मंडळाची मालमत्ता. मात्र नुसत्या पुठ्ठ्याचं केलं तर तिचा घसारा एका रात्रीत शंभर टक्के! आपली शिवजयंती वैशाखात. मिरवणूक रात्रभर चालते, डोक्याला घाम, त्यात वळिवाची सर आली की पुठ्ठ्याचा लगदा होतो.

उपाय अवघड नाही. पुठ्ठ्याचा आकार झाला की आतल्या बाजूनं फायबरग्लासची मॅट लावायची. तळहाताएवढे तुकडे केले तर गोलाईवर नीट बसतात. पॉलिस्टर रेझिनच्या १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम हार्डनर, जास्त नको. एका वेळी वाटीभरच कालवा. जास्त कालवलं तर तापतं आणि भांड्यातच घट्ट होतं. ब्रश ओढायचा नाही, टोचत टोचत हवा काढायची. दोन थर पुरेत, नाहीतर वजनानं पोराची मान दुखेल. बाहेरून रेझिनचा एक पातळ हात, वर रंग. थर्मोकोल वापरला असेल तर पॉलिस्टर रेझिन तो विरघळवतं, तिथं इपॉक्सी घ्या.

हे काम मोठ्यांनीच, मोकळ्या हवेत करायचं. हातमोजे, चष्मा आणि वाफा अडवणारा मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कोबाल्ट वेगळं मिळालं तर ते आधी रेझिनमध्ये ढवळा, हार्डनर नंतर. ही दोन थेट एकमेकांत ओतली तर भडका उडतो. सुकल्यावर कडा पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासा आणि आत फोम चिकटवा, म्हणजे काचेचे तंतू डोक्याला टोचणार नाहीत. वास जायला वेळ लागतो, म्हणून आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी कामाला लागा.

"पुठ्ठा कुजतो, फायबर कुजत नाही, मग पर्यावरणाचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच एकदा केलेलं वर्षानुवर्षं वापरायचं. मंडळाच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा, नग मोजून ठेवा. दरवर्षी नवीन करणार असाल, तर फायबरच्या वाटेला जाऊच नका.

शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. फायबरचं झालं की पोरांना वाटतं, आता हेच घालून मोटारसायकल रॅलीला जाऊया. नाही! खऱ्या हेल्मेटच्या आत धक्का शोषून घेणारा जाड थर असतो, तो यात नाही. गाडीवर बसताना आयएसआय शिक्क्याचंच हेल्मेट हवं. देखाव्यातली तलवार लाकडाची असते, हे आपण कधी विसरत नाही. शिरस्त्राणाचंही तसंच समजा.