हो, हवामान कायमच बदलत आलंय. पण किती वेगानं?

हवामानबदलाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "पृथ्वी जन्मली तेव्हापासून हवामान बदलतंय, त्यात नवीन काय?" असं म्हणणारे बरेचदा माझ्यासारखेच इंजिनिअर असतात, म्हणून जास्त राग येतो. वाक्य खरं आहे. पण ज्या खडकांनी आणि गाळाच्या थरांनी ते आपल्याला शिकवलं, ते पुढे काय सांगतात हे मात्र कोणी वाचत नाही.

लाखो वर्षांपूर्वीचं तापमान कळतं कसं? समुद्रतळाच्या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची वाळूच्या कणाएवढी कवचं साचत जातात. कवचातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार बदलतं. कार्बनच्या अणूंवरून त्या काळी हवेत आणि समुद्रात कुठून कार्बन आला याचा माग लागतो.

१९९१ साली जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळातला गाळ असाच वाचला. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात हलका कार्बन एकदम वाढलेला होता आणि पाणी तापलेलं होतं. पुढे जगभरच्या थरांमध्ये तेच सापडलं. पृथ्वी तेव्हा ५ ते ६ अंशांनी तापली होती. दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्विस रिजवरच्या गाळात तर हे डोळ्यांना दिसतं. पांढुरका, चुनखडीयुक्त गाळ अचानक लालसर चिकणमाती होतो, कारण समुद्राची आम्लता वाढून कवचंच विरघळली होती. खोल समुद्रातल्या फोरामिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के प्रजाती कायमच्या संपल्या.

"बघा, तेव्हा कुठे माणूस होता?" नव्हता. म्हणूनच हा पुरावा महत्त्वाचा आहे. कार्बन जमिनीच्या पोटातून आलेला असो की आपल्या गाड्यांतून, तो हवेत साचला की पृथ्वी तापते, हे या थरांत नोंदलेलं आहे.

आता वेग बघा. २०१६ साली मांडलेल्या हिशोबानुसार तेव्हा किमान ४ हजार वर्षं, दरवर्षी जास्तीत जास्त १.१ अब्ज टन कार्बन बाहेर पडत होता. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन सोडतो. दिवसभरात येणाऱ्या रिक्वेस्ट एका तासात आल्या, तर "सर्व्हरवर रिक्वेस्ट कायमच येतात" असं म्हणून आपण झोपायला जातो का?

"पण पृथ्वी सावरली ना?" सावरली. खडक झिजत गेले, त्या रासायनिक क्रियेत हवेतला कार्बन शोषला गेला आणि तो शेवटी समुद्रतळाशी चुनखडी होऊन बसला. याला एक लाखाहून जास्त वर्षं लागली. माणूस शेती करायला लागून जेमतेम १२ हजार वर्षं झाली आहेत.

तेव्हा भूतकाळाचा दाखला जरूर द्या, पण अर्धा देऊ नका. हवामान बदलतं की नाही, हा वाद खडकांनी कधीच मिटवला आहे. वाद घालायचाच तर कोळसा आणि तेल जाळणं किती लवकर कमी करायचं आणि त्याची सुरुवात कोणी करायची, यावर घाला.