जीपला शॉकअप कुठले टाकायचे, आणि रस्त्याचं बिल कोणी भरायचं?

गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, जुनी फोर बाय फोर आहे, शॉकअप गेलेत. कुठले टाकू?" तिघंही आपल्याच खोऱ्यातले. दोघांकडे एमएम 540 जीप, तिसऱ्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी. माझ्याकडेही एमएम 540 आहे आणि या पावसाळ्यात मी तिचे शॉकअप दोनदा बदलले. पहिल्यांदा चुकीचे टाकले म्हणून दुसऱ्यांदा बदलावे लागले. तेव्हा उत्तर एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. शेवटी रस्त्याचा विषय आहे, तोही वाचा. मार्चअखेर आपल्या हातातली एक गोष्ट निसटणार आहे.

आधी माझी चूक सांगतो.

जूनमध्ये मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडचे रस्ते बघता हेवी ड्युटीच घ्या, सगळ्यात कडक." मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले, त्यातही तेच. चारही चाकांना सगळ्यात कडक शॉकअप टाकले आणि वाटलं, आता पाच वर्षं बघायला नको.

जुलैमध्ये एका रात्री शेजारच्या आजी अंगणात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावर येऊन थांबली, आत येईना. रस्त्याची अवस्था बघता मी त्या ड्रायव्हरला दोष देणार नाही. मागच्या बाकांच्या मधे गादी टाकून आजींना जीपमध्ये घेतलं. नऊ किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू दगडासारखी आपटत होती आणि आजी ओरडत होत्या. ओढ्याजवळच्या वळणावर ब्रेक दाबला तर मागची चाकं रस्ता सोडून टुणटुण उडाली, गाडी हातभर बाजूला सरकली. ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. रस्ता वाईट होता हे खरंच, पण गाडी मीच चुकीची करून ठेवली होती.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "आवं दादा, वजन पाटं उचलत्यात. शॉकअप नुसतं पाट्याला गप बसवतं."

हे वाक्य समजलं की निम्मं काम झालं. गाडीचं वजन पाट्यांवर असतं. खड्ड्यात चाक गेलं की पाटा दबतो आणि परत उसळतो. ती उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. आतला दट्ट्या तेलातून बारीक भोकांमधून सरकतो, उसळीचा जोर तेलात जिरतो, तेल तापतं. शॉकअप मेला तर चाक नाचत राहतं. नाचणारं चाक जमिनीला टेकत नाही, आणि न टेकणारं चाक ब्रेकही लावत नाही, वळतही नाही. म्हणून शॉकअप ही नुसती आरामाची वस्तू नाही, ब्रेकइतकीच सुरक्षिततेची आहे.

मग कडक शॉकअपचं काय चुकलं? एमएम 540 आणि जिप्सी, दोन्हींना पुढे-मागे पाटेच आहेत आणि ते मुळातच ताठ आहेत. रिकामी गाडी त्यांना नीट दाबतही नाही. त्यात शॉकअप कडक टाकला की चाक वरही जात नाही, खालीही येत नाही, सगळा दणका थेट चॅसीला आणि आत बसलेल्या माणसाला. रोज सात-आठ क्विंटल माल भरत असाल तर कडक शॉकअप उपयोगी. माझी जीप महिन्यातले पंचवीस दिवस दोन माणसं आणि दुधाच्या दोन कॅन घेऊन फिरते. मी पाच दिवसांसाठी गाडी बांधली आणि पंचवीस दिवस त्याचा त्रास काढला.

तर निवडताना काय बघायचं, क्रमाने सांगतो.

एक. शॉकअपच्या आधी पाटे बघा. एखादा पाटा तुटलाय का, यू-बोल्ट ढिले आहेत का, शॅकलचे बुश खाल्लेत का. गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे हलतच नाहीत, मग गाडी आपटते आणि आपण शॉकअपला शिव्या देतो. माझ्या जीपचे पाटे खोलून, घासून, ग्रीस लावून परत चढवले. निम्मा फरक तिथेच पडला.

दोन. शॉकअप खरंच गेलाय का ते तपासा. गाडीचा कोपरा दाबून सोडायचा प्रयोग ताठ पाट्यांच्या जीपवर फार काही सांगत नाही, कारण ती हाताने दबतच नाही. शॉकअपचं खालचं टोक सोडा आणि हाताने ओढून-दाबून बघा. दोन्हीकडे एकसारखा विरोध हवा, ओढताना बहुतेक वेळा जास्त. मधेच पोकळ सुटला तर तो गेला. अंगावर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर घाबरू नका, ओघळ असेल तर बदला. टायर जागोजागी खोलगट झिजला असेल तर तीही खूण.

तीन. लांबी मोजा, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. जुन्या जीपांचे पाटे कधी ना कधी कमान चढवून उंच केलेले असतात. अशा गाडीला कंपनीच्या मापाचा शॉकअप आखूड पडतो, चाक खाली लटकलं की पूर्ण ताणून झटका बसतो आणि आतून तुटतो. उलट फार लांब घेतला तर चाक वर जाताना तो आत तळाला आपटतो आणि ब्रॅकेट फाडतो. चाक पूर्ण लटकलेलं असताना आणि पूर्ण वर दाबलेलं असताना, दोन्ही वेळी वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. शॉकअपची उघडी लांबी पहिल्या मापापेक्षा थोडी जास्त हवी, मिटलेली लांबी दुसऱ्या मापापेक्षा थोडी कमी. ही दोन मापं कागदावर लिहून दुकानात जा.

चार. प्रकार. साधा तेलाचा दुहेरी नळीचा शॉकअप स्वस्त असतो आणि हळू चालणाऱ्या गाडीला पुरतो. खडीच्या, लाटा पडलेल्या रस्त्यावर सलग तासभर चाललात तर आतलं तेल फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. त्यासाठी कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला दुहेरी नळीचा घ्या, फेस कमी होतो. जास्त दाबाचा एकेरी नळीचा शॉकअप उष्णता उत्तम बाहेर टाकतो, पण त्याचा दट्ट्या बाहेरच्या नळीला लागूनच चालतो. दगड लागून पोचा पडला तर तो जागीच अडकू शकतो. आपल्याकडे खालून दगड उडतातच. मी दुसऱ्यांदा घेतला तो मधला प्रकार, मध्यम कडकपणाचा, आणि समाधानी आहे.

पाच. एका एक्सलचे दोन्ही एकदम बदला. एकीकडे नवा आणि एकीकडे जुना ठेवला तर ब्रेक लावताना आणि वळणावर गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. बुश नवेच टाका. ब्रॅकेटला चीर असेल तर आधी वेल्डिंग करून घ्या. दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबा, आतली हवा निघते. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकवून आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत राहतं आणि लवकर फाटतं.

सहा. पक्कं बिल घ्या. बनावट माल फार आहे, डब्यावरचं नाव बघून कळत नाही. सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे, त्याआधी शॉकअपवर 28 टक्के होता. बिल नसेल तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? शिवाय बिल दुसऱ्या कामालाही लागणार आहे. आता तिकडेच येतो.

दुसऱ्या खेपेला चार शॉकअप, बुश आणि मजुरी मिळून मला साडेसात हजार लागले. पहिल्या खेपेचे वेगळे. गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाची फी 2025 मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली. पर्यावरण कर आहेच. डिझेलवरचा कर प्रत्येक लिटरला भरतोच. हे सगळं रस्ता वापरण्यासाठी भरायचं, आणि रस्ता नाही म्हणून वर शॉकअपही आपणच भरायचे. म्हणजे एकाच रस्त्याचं बिल दोनदा.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. रस्ता बिघडला की ज्याच्याकडे पैसे आहेत तो उंच गाडी घेतो, मोठे टायर टाकतो, कडक शॉकअप टाकतो आणि गप्प बसतो. मीही तेच केलं. पण दुचाकीवर बायको आणि पोराला घेऊन जाणारा काय टाकणार? शाळेच्या मुलांनी भरलेल्या एसटीत मागच्या सीटवर बसलेलं पोर काय टाकणार? आपण आपापल्या गाडीपुरता रस्ता दुरुस्त करून घेतो, त्यामुळे खरा रस्ता दुरुस्त करा म्हणणारे कमी होत जातात. बोलणारे तेच असतात ज्यांचं कोणी ऐकत नाही.

स्पीडब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी आरामात ओलांडते. आपल्या रस्त्यावर शाळेपाशी जो आहे तो मी टेपने मोजला. उंची 19 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम 80. तो गतिरोधक नाही, बांध आहे. आणि खरं सांगायचं तर तो आपणच गावकऱ्यांनी आग्रह धरून घालून घेतलाय. तिथे दोष आपलाही आहे. शाळेपाशी गतिरोधक हवाच, पण मापाचा.

रस्ते खड्डेमुक्त असणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. चांगलंच झालं. पण माणूस जायच्या आधी काही करता येतं का, हा माझा प्रश्न आहे. आपल्या बाबतीत येतं.

आपल्या नऊ किलोमीटरवर डांबर पडलं त्याला अजून तीन वर्षं पूर्ण झालेली नाहीत. कामाच्या फलकावर दोषदायित्व कालावधी तीन वर्षं लिहिलाय. फलक झुडपात गेलाय, मी फांद्या बाजूला करून फोटो काढलाय. याचा अर्थ साधा आहे. या काळात काम खराब निघालं तर ते ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. मी ऑगस्टमध्ये अर्ज केला तर उत्तर आलं, "निधी उपलब्ध झाल्यावर दुरुस्ती करण्यात येईल." अहो, जे काम ठेकेदाराने फुकट करून द्यायचंय त्याला निधी कशाला हवा? मार्चअखेर ही मुदत संपते. त्यानंतर मात्र खरंच निधी लागेल, आणि तो यायला किती वर्षं जातील हे आपण सगळे जाणतो.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

पहिली, 26 जानेवारीच्या ग्रामसभेला या. ठराव मी लिहून आणतो. रस्ता दोषदायित्व कालावधीत आहे, ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी आणि तोपर्यंत त्याची अनामत रक्कम सोडू नये, एवढाच ठराव. शाळेपाशचा गतिरोधक मापात करायचं कलमही त्यातच घालू.

दुसरी, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत आपल्याला हवी आहे, कारण मुदत त्या तारखेपासून मोजतात. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकलाय. दहा रुपयांचं काम आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणखी चार-पाच जणांनी टाकला तर दबाव राहील. नमुना मागा, पाठवतो.

तिसरी, या पावसाळ्यात शॉकअप, पाटे, टायर, रिम, दुचाकीचा फोर्क, जे काही बदललं असेल त्याच्या बिलाचा फोटो मला पाठवा. वैयक्तिक भरपाई मिळेल असं मी अजिबात सांगत नाही. पण पन्नास घरांची बिलं ठरावाला जोडली तर "रस्ता तसा ठीक आहे" हे वाक्य कोणाला सहज बोलता येणार नाही.

शॉकअप विचारणाऱ्या तिघांना परत एकदा सांगतो. पाटे आधी, मापं लिहून न्या, मध्यम कडकपणा, गॅसचा दुहेरी नळीचा, जोडीने बदला. शंका असेल तर रविवारी सकाळी मिस्त्रींच्या गॅरेजवर या, मी तिथे असतो. येताना बिल घेऊन या.

आजी आता काठी घेऊन अंगणात फिरतात. परवा म्हणाल्या, "तुझी गाडी लय आपटती रं बाबा." गाडी आता आपटत नाही. रस्त्याचं मात्र अजून तसंच आहे.